भिंतभर फोटो

धाकटा येणारच नाही, असं मधलीला सकाळी डोळे उघडल्यापासून वाटत होतं. आणि आलाच, तर दादा त्याला बघून तणतणत आत निघून जाईल, असंही वाटत होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही घरच्याच. कॅमेऱ्याचा तिपाया खांद्यावर टाकून ती वडिलांच्या स्टुडिओसमोरच्या छापखान्याच्या पायऱ्या चढली.

मधली म्हणजे दोन भावांमधली. लहानपणापासून सगळे तिला हेच म्हणत आले आणि तिनेही जन्मभर तेच काम केलं. शाळेत चित्रकला शिकवते ती, पण पोरांच्या वह्या तपासण्यापेक्षा जास्त वेळ तिचा ह्या दोन घोड्यांची समजूत काढण्यात गेला असेल. दादा वडिलांचा फोटो स्टुडिओ चालवतो. धाकट्यानेही त्याच स्टुडिओत हात काळे केले होते. मग एका पावसाळ्यात मागच्या खोलीत पाणी शिरलं, वडिलांच्या जुन्या निगेटिव्हांचे गठ्ठे एकमेकांना चिकटून लगदा झाले, आणि धाकट्याने कोणाला न विचारता ते सगळे भंगारवाल्याला देऊन टाकले. दादाने दुकानात गिऱ्हाइकं बसलेली असताना म्हटलं, "बापाला भंगारात घातलंस." धाकट्याने काउंटरवर किल्ली ठेवली आणि गेला. बाजारात स्वतःचं दुकान टाकलं. त्याला पाच-सहा वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. चुकून समोरासमोर आले, तर रस्त्यावर खांब बघावा तसे एकमेकांना वळसा घालून जातात.

आई स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत. दादा रोज तिच्याजवळ बसतो. धाकटाही येतो, पण दादा बाहेरच्या कामाला गेला की, मागच्या जिन्याने. आईला दोन मुलगे होते, पण एका वेळी एकच.

आणि उद्या आईला हॉस्पिटलात न्यायचं होतं. छाती उघडायची होती. डॉक्टर "बघू" म्हणाले होते, आणि डॉक्टर "बघू" म्हणाले की घरच्यांच्या पायाखालची वाळू सरकते. आई मात्र शांत होती. तिने मधलीला एवढंच सांगितलं होतं, "पलंगासमोरची ही भिंत बघ किती मोकळी आहे. स्टुडिओपुढे सगळे उभे राहा. दारापासून जिन्यापर्यंत, एका ओळीत. तुझे बाबा शाळांचे काढायचे ना, तसा लांब फोटो काढ. परत आले तर बघत पडेन. नाही आले, तर बघून गेले असं होईल."

"काढते," मधली म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

वडील अख्ख्या शाळेचा एक फोटो काढायचे. कॅमेरा तिपायावर थोडा थोडा फिरवत तुकड्या-तुकड्यांनी टिपायचे, मग ते तुकडे शेजारी शेजारी चिकटवायचे. तुकडे जिथे जुळतात ती रेघ बुजवायचं काम आईचं. दोन केसांचा ब्रश घेऊन ती दिवसभर खिडकीत बसायची, आणि संध्याकाळी रेघ कुठे होती हे वडिलांनाही सापडायचं नाही.

त्यावरूनच मधलीला ती कल्पना सुचली. लांब फोटो काही एका क्षणात निघत नाही. डावीकडून सुरू करा, उजवीकडे पोचेपर्यंत मधे चहा पिऊन होईल. मग डावं टोक आधी काढलं, आणि उजवं टोक थोडं थांबून काढलं, तर कोणाच्या बापाला कळणार आहे? बापाला कळलं असतं म्हणा. तो आता नव्हता. पण आई होती, आणि तिची नजर अजून शाबूत होती.

तिने दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं. दोघांनी अटी घातल्या. दादा म्हणाला, "माझे फोटो झाले की मी आत जाणार. त्यानंतर गल्लीत कोण येतं ते मला बघायचं नाही." धाकटा म्हणाला, "त्याच्या दाराशी मी उभा राहणार नाही. जिन्याशी राहीन, पार टोकाला." आईला कळू द्यायचं नाही, ह्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा झालं, आणि झालं तेही आईला फसवायला.

लेन्स तिने स्वतःचीच घेतली होती, कोणीतरी वापरून विकलेली, स्वस्तातली झूम. दादाच्या कपाटात भारी लेन्सा ओळीने मांडलेल्या आहेत, पण त्यातली एक घेतली असती तर धाकटा तिच्यापुढे उभा राहिला नसता. धाकट्याची मागितली असती तर दादाने नाक मुरडलं असतं. तेव्हा आपली गरिबाचीच बरी. तिचे गुण-दोष मधलीला पाठ होते. अगदी रुंद ठेवली की काठाच्या भिंती पोटातून वाकतात, म्हणून मधेच कुठेतरी ठेवायची. आणि कॅमेरा जरा खाली झुकवला की नळी आपल्याच वजनाने हळूच पुढे घसरते. फोटो काढणाऱ्याला पत्ताही लागत नाही, आणि चित्र मोठं होऊन बसतं. छापखान्याच्या पायऱ्यांवरून कॅमेरा खालीच झुकणार होता. म्हणून तिने झूमची कडी हवी तिथे आणून तिच्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे मारले.

आभाळ आलेलं होतं. सावली कुठेच पडत नव्हती. मधलीने मनातल्या मनात त्या आभाळाला हात जोडले.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा राहिला, शेजारी वहिनी. मधोमध मावशी खुर्चीवर, आणि तिच्यामागे मधलीचा नवरा. उजवीकडे जिन्यापर्यंत नुसती भिंत. दादाने त्या मोकळ्या भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही. मान ताठ ठेवून तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला.

"हसू नकोस तू," मावशी त्याला म्हणाली, "फोटोला सवय नाही त्याची."

मधलीने डावीकडून सुरुवात केली. उभा फोटो, कॅमेरा थोडा फिरवायचा, आधीच्या फोटोतलं थोडं पुढच्यात यायला हवं, पुन्हा उभा फोटो. दार, दादा, वहिनी, काचेचं कपाट, मावशी. "झालं," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "मावशी आणि तुम्ही हलायचं नाही. जागा सोडायची नाही."

"मी काय उडून जातेय?" मावशी म्हणाली.

धाकट्याचा पत्ता नव्हता. मधलीने दोन पायऱ्या खाली उतरून, पाठ फिरवून फोन लावला. "निघालो गं, निघालो," तो म्हणाला. "तो आत गेला का?" तिने वळून पाहिलं तर दादा आत जायचं सोडून कॅमेऱ्यापाशी आला होता, आणि खिशातला रुमाल परत खिशात घालत होता. फोटोवाला माणूस दुसऱ्याचा कॅमेरा उघडा पाहून गप्प बसेल तर शपथ.

"बरं निघालंय," दादा म्हणाला. "काच अगदीच बाटलीच्या बुडाची आहे, पण बरं निघालंय." आणि तो वहिनीला घेऊन आत गेला. दार ओढून घेतलं, पण कडी लावल्याचा आवाज आला नाही. मधली कान देऊन ऐकत होती.

जरा वेळाने धाकटा गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने आला, मागे त्याची बायको. आल्या आल्या त्याने स्टुडिओच्या दाराकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग पायांकडे. "लवकर कर," तो म्हणाला. जिन्याशी जाऊन उभा राहिला, अगदी दादासारखीच मान ताठ करून. वेगवेगळे काढले तरी साचा तोच, असं मधलीच्या मनात आलं, पण बोलायची ही वेळ नव्हती. तिने मावशीपासून पुढे सुरू केलं. मावशी, भिंत, खिडकी, धाकट्याची बायको, धाकटा, जिना.

"झालं. जा तू."

धाकटा कोपऱ्यापर्यंत पोचला असेल नसेल, तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही वेळच्या मावश्या पाहिल्या आणि तिचं काळीज लक्‌कन हललं. दुसरी मावशी पहिलीपेक्षा मोठी होती. धाकटा तर एवढा मोठा झाला होता की त्याचे पाय घोट्यांवरून कापले गेले होते. लेन्स घसरली होती. पण घसरेल कशी, चिकटपट्टी होती की. तिने हात लावून पाहिलं. कडी स्वच्छ, गोंदाचा कणसुद्धा नाही, रुमालाने पुसलेली. आणि चिकटपट्टी तिपायाच्या पायावर सरळ लावून ठेवलेली.

ते बघून तिला रडावं की हसावं कळेना. वडिलांची शिस्त होती ती. लेन्सला गोंद लागलेला त्यांना खपायचा नाही, आणि पट्टी कधी फेकायचे नाहीत, तिपायाच्या पायाला लावून ठेवायचे, पुन्हा उपयोगी पडते म्हणून. दादाने चांगल्याच मनाने केलं होतं. चांगल्या मनाने केलेल्या कामांनीच ह्या घराचं जास्त वाटोळं झालं आहे.

तिने कोपऱ्याकडे बघून हात केला. धाकटा बायकोला घेऊन परत आला, चेहरा वाकडा. तिने त्याला पडदा दाखवला. मग पट्टी दाखवली.

धाकटा पट्टीकडे वाकला. "त्याचं काम," तो म्हणाला. "बाबांसारखं." त्याने तिपायावरची पट्टी नखाने अलगद सोडवली आणि तिच्या हातात दिली.

"पुन्हा उभा राहशील?"

"तो बाहेर आला तर?"

"आला तर मी बघते. तू उभा राहा."

आधीच्या फोटोतली मावशी पडद्यावर ठेवून तिने झूम मागे-पुढे करत तेवढीच मावशी आणली. पट्टी मारली. एवढ्यात आभाळ उघडलं. इतका वेळ नव्हतं ते ऊन नेमकं आत्ताच लखलखीत येऊन भिंतीवर पडलं. मधली थांबली. ढग येईल म्हणून वर बघत बसली. स्टुडिओच्या आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धाकट्याने तो ऐकला, त्याचा जबडा घट्ट झाला. मावशी म्हणाली, "मधले, मला आता खाली बसलेलीच उचलून न्यावी लागेल." दाराची मूठ फिरली, थांबली. मधलीने उन्हातच काढायला सुरुवात केली. जिना येईपर्यंत ती थांबली नाही.

धाकटा कोपऱ्यावरून वळला आणि दार उघडून दादा बाहेर आला. "झालं?" त्याने विचारलं. त्याला सगळं माहीत होतं. दारामागे उभा राहून तो वाट बघत होता, हे मधलीला त्याच्या विचारण्यावरूनच कळलं.

मग कॉम्प्युटर. तुकडे जुळले, भिंतीची रेघ कुठे मोडली नाही. पण डावीकडे ढगाळ आणि उजवीकडे ऊन. मधलीने उजवीकडचा उजेड उतरवला, जिन्याची सावली घासून घासून फिकी केली, धाकट्याच्या नि त्याच्या बायकोच्या पायाशी पडलेल्या सावल्या पुसल्या. पोरांना चित्रकला शिकवते ती, तिला हे जमायला हवं आणि जमलं. डोळे बारीक करून पाहिलं तर एकाच ढगाखाली सगळे उभे आहेत असं वाटत होतं.

छापायला ती छापखानेवाल्याकडेच गेली. दादाकडे मोठं मशीन आहे, धाकट्याकडेही आहे, पण तो प्रश्नच नको. छापखानेवाला मोठे नकाशे छापतो, कागदाचा रोल असतो त्याच्याकडे. मशीन एकेक पट्टा पुढे सरकवत होतं. आधी दार आलं. मग दादा. मग वहिनी. मधली मशीनवर वाकून उभी होती. मावशी आली. मावशी संपता संपता जोड येणार होता. तो आला, गेला, दिसला नाही.

"मस्त," छापखानेवाला म्हणाला. "सगळं घर एकत्र."

"हो," मधली म्हणाली, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

आईच्या खोलीत ती दुपारी शिरली तेव्हा आई उशांना टेकून बसली होती. उद्याची पिशवी भरून पायाशी ठेवलेली. मधलीने प्रिंट उलगडायला घेतला. एक टोक धरून दुसरं पसरावं, तर पहिलं गुंडाळत यायचं. रोलचा कागद तो, त्याला सरळ राहायची सवय नव्हती. तिने गुडघ्याने दाबून पाहिलं, पिशवी ठेवून पाहिली.

"एकटीला नाही जमायचं," आई म्हणाली. "एका टोकाला तुझे बाबा धरायचे, एका टोकाला मी. दोघं लागतात त्याला."

"मावशीला बोलावते."

"मावशी झोपलीये. दादा खाली आहे. आणि धाकटा मागच्या जिन्यावर बसलाय, दादा कधी बाहेर जातो म्हणून. मघापासून त्याचा खोकला ऐकतेय मी. बोलव दोघांना."

"आई, ते..."

"मी उद्या जातेय," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "बोलव."

मधलीने दोघांना बोलावलं. काय सांगितलं ते तिलाही नंतर आठवलं नाही. दादा एका दाराने आला, धाकटा दुसऱ्या. दोघंही उंबरठ्याशी थबकले. आईने एकाला डावं टोक दाखवलं, एकाला उजवं. दोघांनी टोकं धरली. खोलीत कागदाचा तेवढा आवाज.

आईने उशीखालून भिंग काढलं. "डावीकडून सरकवा. हळू."

कागद आईच्या पुढून सरकायचा म्हणजे दोघांनी एकाच वेळी, एकाच चालीने पाऊल टाकायला हवं. नाहीतर कागद ताणून फाटेल, नाहीतर पोटात झोळ पडेल. दोघांनी एकमेकांकडे न बघता पाऊल टाकलं. झोळ पडला. मग दादाने नाइलाजाने धाकट्याच्या पायांकडे पाहिलं आणि चाल जुळली. दार गेलं, दादा गेला, वहिनी गेली. मधली भिंतीला टेकून उभी होती.

"थांबा."

भिंग मावशीवर थांबलं. मग जरा पुढे गेलं. मागे आलं. आई इतकी वाकली होती की तिचा श्वास कागदाला लागत असेल. जोडावरून तर ती सरळ पुढे गेली. मधलीने सुस्कारा सोडला, आणि भिंग धाकट्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर जाऊन बसलं.

"हिच्या नाकाखाली सावली आहे," आई म्हणाली. "हनुवटीखाली पण आहे. मावशीला नाही." तिने मान वर केली. "जमिनीवरची पुसलीस, मधले. नाकाखालची राहिली."

मधली कागदावर वाकली. होती सावली.

"एका वेळचा नाही हा. हे दोघं बरोबर उभेच नव्हते."

"माझंच डोकं होतं ते," मधली म्हणाली. तिला वाटलं आता आईचं काही बरंवाईट होईल आणि ते आपल्या माथी बसेल. "त्यांचा दोष नाही. मला वाटलं, तुला निदान..." पुढचं तिला बोलवेना.

"तिचं नाही," दादा म्हणाला. "अट माझी होती."

"माझी पण होती," धाकटा म्हणाला.

लहानपणी काच फोडली की तिघं असेच ओळीने उभे राहायचे. आई तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं मधलीला वाटलं. आईने भिंग चादरीवर ठेवलं.

"मला नीट दिसत नाहीये. जवळ आणा."

दोघं पाऊलभर पुढे आले. कागद मधे वाकला.

"अजून."

अजून आले. दोन्ही टोकं पलंगाच्या कडेशी आली, कागदाचा मोठा झोळ खाली लोंबला, छापलेली बाजू आत गेली. आईला आता कागदाची पांढरी पाठच दिसत असणार, पण ती कागदाकडे बघतच नव्हती.

"अजून."

दादाचा खांदा धाकट्याच्या खांद्याला लागला. दोघंही तिथून हलले नाहीत. दादाच्या हाताला घाम आला असावा, त्याच्या बोटांतून कागदाचं टोक निसटायला लागलं.

"दादा, धर नीट," धाकटा म्हणाला.

दादाने बोटं आवळली. "धरलंय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, खाली बघत, "तूही धर."

"मधले," आई म्हणाली, "तुझं ते यंत्र कुठाय?"

कॅमेरा तिच्या खांद्यालाच होता. खोली एवढीशी. मागे सरकायला जागा नव्हती, पाठ भिंतीला लागलेली. तिने चिकटपट्टी उपसली आणि झूमची कडी पार रुंद टोकाला नेली. काठाच्या भिंती वाकल्या, खिडकीची चौकट कमानीसारखी झाली, आईचे पाय नको तेवढे मोठे दिसायला लागले. पण सगळे आत मावले. कडी घसरू नये म्हणून तिने ती बोटांनी घट्ट धरून ठेवली आणि एकदाच बटण दाबलं. फिरवायचं, जोडायचं असं काही नव्हतंच.

आई उशांना टेकली. तिने डोळे मिटले.

"आता न्या उद्या," ती म्हणाली. "आणि दोघं या न्यायला."

दोघांनी मान हलवली. कागद अजून कोणीच सोडला नव्हता.